सेगोव्हियाभोवती एक फेरा

लेस दोनदा बांधा. पुढे उतार आहे, तोही गोट्यांच्या फरसबंदीचा, आणि रात्रीच्या दवाने तो निसरडा झालाय.

ऑक्टोबर महिना. सकाळचे सात वाजून गेलेत, तरी काळोख हटलेला नाही. स्पेनमधली घड्याळं सूर्याच्या पुढे धावतात. तुम्ही सेगोव्हियाच्या आथोगेखो चौकात उभे आहात, माथेरानपेक्षा दोनशेएक मीटर उंचावर. तोंडातून वाफ निघतेय. खिशात खोलीची किल्ली आणि थोडी चिल्लर आहे. समोर 28 मीटर उंचीचा रोमन जलसेतू आणि मनगटावर उपग्रह शोधत बसलेलं घड्याळ. शोधू दे. आज त्याला काही सापडायचं नाही.

पोटऱ्या ताणायला जलसेतूच्या खांबाला हात टेकवा. ग्रॅनाइट गार आहे. बोटांना एक खळगा लागेल, सुपारी मावेल एवढा. असे खळगे दगडादगडाला आहेत. गावातली माणसं सांगतात, ही सैतानाच्या बोटांची खूण. घागरी वाहून कंटाळलेली एक पोर म्हणाली, पाणी दारात आणून दे, माझा आत्मा तुझा. सैतानाने एका रात्रीत एवढं सगळं उभं केलं, आणि शेवटचा दगड बसवायच्या आत कोंबडा आरवला.

बोट आत घाला. खळगा आता ताजा आहे, कडांवर पांढरी भुकटी. पहिल्या शतकाची अखेर की दुसऱ्याची सुरुवात, यावर विद्वान अजून भांडतात. तुम्हाला मात्र विचारायला सवड नाही, कारण वरून कुणीतरी लॅटिनमध्ये खेकसलंय. तुम्ही मागे सरता. मोठ्या कात्रीसारखा लोखंडी चिमटा दगडाच्या दोन्ही अंगांच्या खळग्यांत रुतलाय. दोर ताणला की चिमटा आणखी घट्ट आवळतो. दगडाचं वजनच दगडाला धरून ठेवतं. चुना नाही, काही नाही. दगड जागेवर बसतो तेव्हा जड जात्याची पाळ ठेवावी तसा एक घुमका येतो, बस्स. कोंबडा कुठेच आरवत नाही.

निघा आता, अंग गार पडेल.

सान लोरेन्थोच्या गल्ल्यांमधून उतार संपतो तिथे एरेस्मा नदी लागते. नदी ती इथल्या हिशेबाने. आपल्याकडे तिला ओढा म्हटलं असतं. पण काठची वाट पायाला मऊ आहे. पॉपलरची पिवळी पानं पडलीत, श्वास एका लयीत येतो आणि शहर डाव्या हाताला उंच कड्यावर राहून जातं. सेगोव्हिया दोन नद्यांच्या मधल्या खडकावर बसलंय, उत्तरेला एरेस्मा, दक्षिणेला क्लामोरेस. म्हणूनच वेशीबाहेर पाच मिनिटांत तुम्ही उघड्या रानात येता.

पुलापाशी पाण्याचा आवाज बदलतो. आधी खळखळ, मग लाकडाची करकर, मग जमिनीतून तळव्यांना जाणवणारा ठोका. हे 1586 साल. पाणचक्क्या फिरतायत, आणि समोरच्या लांबट इमारतीत, राजा दुसऱ्या फेलिपेच्या नव्या टांकसाळीत, दार अर्धं उघडं आहे. आत डोकवा, कुणी हटकणार नाही. जर्मन बोलणारी माणसं कामात गर्क आहेत. यंत्रांबरोबर तीही तिरोलहून, आल्प्सपलीकडून आलीत. एरवी नाणं पाडायचं म्हणजे हातोड्याचा घाव, दर नाण्याला वेगळा. इथे चांदीची लांब पट्टी दोन पोलादी रुळांच्या मधून ओढली जाते. रुळांवर ठसे कोरलेत. एका बाजूने कोरी पट्टी आत जाते, दुसऱ्या बाजूने ढाल, सिंह, किल्ला, ढाल, सिंह, किल्ला अशी ओळच्या ओळ बाहेर पडते. मग पंचाने एकेक नाणं तोडून काढायचं. एक उचलून डोळ्याजवळ धरा. रुळातून आल्यामुळे ते किंचित वाकलंय, कैरीच्या सालीसारखं.

या नाण्याचं नाव रेआल, म्हणजे राजाचं. पुढे अरबी बंदरांत त्याचा रियाल झाला. चिपळूण-रत्नागिरीकडच्या कित्येक घरांवर दुसरा मजला ज्या रियालांनी चढवला, त्यांचं नाव असं हिंडत गेलंय.

आणखी एक गोष्ट इथेच आठवू दे. ही टांकसाळ बांधायला काढली ती 1583 मध्ये. तेव्हा फेलिपे पोर्तुगालचाही राजा झालेला होता, म्हणजे गोव्याचाही. त्याच वर्षी जुलैत कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी, देवळं पाडणाऱ्यांचा राग अनावर होऊन, पाच जेझुइट पाद्र्यांना मारलं. मग गावच्या सोळा नायकांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि आत घेऊन कापलं. नदीत उडी टाकून एकच जण सुटला. टांकसाळीतल्या जर्मनांना यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नाही. तुम्हाला ठाऊक आहे. नाणं जागेवर ठेवा.

पुढची चढण थामारामाला गावाची, आणि ती लबाड आहे. दिसत नाही, पण मांड्या पेटतात. मधे उजाड माळावर बारा बाजूंचं वेरा क्रूथ चर्च एकटंच उभं आहे; 1208 मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली. आठशे वर्षांत त्याच्या अंगाला अंग लावून कुणी घर बांधलं नाही, हे आपल्याकडच्या देवळांच्या मानाने नवलच. थांबू नका, लय तुटेल. माथ्यावर गव्हाची कापलेली रानं आहेत, खुंटं बुटांना घासतात, दक्षिणेला ग्वादार्रामाचे डोंगर, आणि वारा असा की कानात दुसरं काही शिरत नाही. इथे वळून बघा. हे शहर म्हणजे एक जहाज आहे असं सगळेच म्हणतात, आणि मला अशा उपमांचा कंटाळा आहे; पण इथून ते खरोखरच जहाज दिसतं. पुढे नाळेवर अल्काथारचा किल्ला, मधे डोलकाठीसारखं कॅथेड्रल.

उतरताना गुडघे जपा. नदीकाठी डावीकडे कार्मेलाइट मठात सान खुआन दे ला क्रूथ या संतकवीची समाधी आहे. त्याचं तिथे एवढं अवडंबर मांडलंय की मी दुसऱ्यांदा आत गेलो नाही.

अल्काथारच्या पायथ्याशी दोन्ही नद्या मिळतात. इथे जळका वास येतो. वर बघा. 6 मार्च 1862. किल्ल्याच्या टोकदार मनोऱ्यांवरचे स्लेटचे पत्थर उष्णतेने तडतडतायत आणि खाली झाडीत पडतायत. आत तोफखान्याची शाळा आहे. कॅडेट्सनीच आग लावली, म्हणजे शाळा माद्रिदला जाईल, अशी वदंता पुढे कायमची चिकटली. सिद्ध काही झालं नाही. याच शाळेत सत्तरएक वर्षांपूर्वी प्रूस्ट नावाचा फ्रेंच माणूस रसायनशास्त्र शिकवायचा. होय, तोच, नववीच्या पुस्तकातला, स्थिर प्रमाणाच्या नियमाचा. धूर डोळ्यांत जायच्या आत डावीकडे वळा.

आता क्लामोरेसचं खोरं. ऊन अजून खाली उतरलेलं नाही. वाट पाइनच्या झाडांतून चढते, पायाखाली सुया, आवाज नाही. खिशातली किल्ली मात्र दर पावलाला खुळखुळते. समोर, दरीपलीकडे, तटबंदीतला सान आन्द्रेसचा दरवाजा दिसतो. त्याच्या आतल्या गल्ल्यांत ज्यूंची वस्ती होती, आणि माणूस गेलं की याच दरवाजातून खाली उतरून, नदी ओलांडून ते मढं इकडे आणत. तुम्ही धावताय तो त्यांचा स्मशानरस्ता आहे.

चढावर वेग आपोआप कमी होतो. खडकात माणसाच्या मापाचे खाचे कोरलेत, आता रिकामे. काही लांब. काही एवढे आखूड की त्याकडे फार वेळ बघवत नाही.

1492, उन्हाळा. झाडांखाली माणसं बसलीत, खूप माणसं. मार्चच्या 31 तारखेला ग्रानादात राजाराणीचा हुकूम निघाला: बाप्तिस्मा घ्या, नाहीतर जुलैअखेर देश सोडा. सोनं, चांदी, नाणी बाहेर न्यायची नाहीत. याच शहरात 1474 मध्ये इसाबेलला राणी म्हणून जाहीर केलं, तेव्हा तिच्या पाठीशी उभा राहिलेला अब्राहम सेनेओर हा इथलाच ज्यू. त्याने जूनमध्ये बाप्तिस्मा घेतला, नाव बदललं, वाडा राखला. मला त्याला नावं ठेवायचा अधिकार नाही. जे बदलले नाहीत ते शहर सोडून इथे आले, आपल्या मेलेल्यांजवळ. सेगोव्हियाचा इतिहास लिहिणारा कोल्मेनारेस तसं नोंदवून गेलाय. आणि बेर्नाल्देथ नावाचा त्या काळचा बखरकार, जो स्वतः पाद्री होता आणि ज्यूंचा मुळीच मित्र नव्हता, तो लिहितो की लोकांनी गाढवाच्या बदल्यात घर दिलं आणि थोड्याशा कापडाच्या बदल्यात द्राक्षमळा. बारा वर्षांवरच्या मुलींची लग्नं उरकून घेतली, कुणाच्या तरी सावलीत चालतील म्हणून.

तुमच्याजवळ एक बाई बसलीय. तिच्यासमोर गाठोडं आहे, ते ती सोडते, आतलं एक काहीतरी काढते, वजन अजमावते, परत ठेवते. पुन्हा सोडते. तुम्ही खिशावर हात दाबून धरता, किल्ली वाजू नये म्हणून.

मनगटावर एक टुणकन आवाज. घड्याळाला उपग्रह सापडला. ऊन झाडांत शिरलंय, दरीपलीकडे कॅथेड्रलची घंटा वाजतेय. 1525 मध्ये बांधायला घेतलेलं ते कॅथेड्रल ज्यूंच्या जुन्या वस्तीच्या काही भागावरच उभं आहे.

इथून आथोगेखो जवळच आहे, दरवाजातून वर गेलात की कॉफी मिळेल. हा फेरा कुणालाही झेपेल असा आहे, वळणांसकट दहाएक किलोमीटर. कधी सेगोव्हियाला गेलात तर बूट घेऊन जा, आणि बाकी वाट हवी तशी धावा. एल पिनारियोच्या, म्हणजे ज्यूंच्या त्या स्मशानाच्या, खडकांपाशी मात्र चाला.