गाडीखाली ऑइलचे डाग पडतात? मोबाईलच्या मदतीने लीकेज असं शोधा

घरात जुनी गाडी असेल, तर ती जागेवरून हलवल्यावर खाली दिसणारा काळा डाग तुम्ही कधी ना कधी पाहिला असेल. आमच्या केडगावच्या घरीही (दौंडचं नव्हे, नगरचं केडगाव) जुन्या पेट्रोल गाडीखाली असाच डाग पडू लागला. वडील हीच गाडी घेऊन पुण्याला जातात, म्हणजे एका बाजूने शंभराहून जास्त किलोमीटर. एका मेकॅनिकने खाली वाकून पाहिलं आणि सांगितलं, "मागचं क्रँक सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." खर्च ऐकून घरात गाडी विकायचीच चर्चा सुरू झाली. शेवटी निघालं काय? इंजिनवरच्या टॅपेट कव्हरचं रबरी पॅकिंग! ते कसं सापडलं, तेच आज पाहूया.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट

ऑइल जिथून टपकतं तिथूनच गळत असेल, असं नाही. पत्र्याच्या घरात भोक एकीकडे असतं आणि पाणी दुसरीकडे टपकतं, तसंच हे आहे. ऑइल वरून ओघळतं, गाडी चालताना वाऱ्याने मागे पसरतं आणि सगळ्यात खालच्या टोकाला थेंब धरतं. म्हणून शोध नेहमी वरून खाली घ्यायचा.

१. आधी ऑइलची पातळी बघा

गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा. गेजची पट्टी काढून पुसा, परत पूर्ण आत घालून काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. कमी असेल तर आधी भरा, मगच गाडी चालवा. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा पातळी नाही, दाब दाखवतो. चालत्या गाडीत तो लागला तर लगेच बाजूला थांबून इंजिन बंद करा, नाहीतर इंजिन जाम होऊ शकतं.

२. गळतंय ते नक्की काय?

रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा आणि त्यावर पुढच्या चाकांची जागा पेनाने लिहा. सकाळी उजेडात फोटो काढा. तपकिरी-काळं आणि बुळबुळीत असेल तर बहुतेक इंजिन ऑइल. हिरवं किंवा गुलाबी, पाणचट असेल तर कूलंट. स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं, काळजी नको. चाकाजवळ पातळ, तेलकट डाग असेल तर ब्रेक ऑइल असू शकतं. मग गाडी अजिबात चालवू नका.

३. धुवा, पावडर मारा, फोटो काढा

इंजिन थंड असताना डीग्रीझर आणि ब्रशने सगळी चिकट घाण काढा. वायरिंग आणि अल्टरनेटर प्लॅस्टिकने झाका, प्रेशरने पाणी मारू नका. वाळल्यावर प्लॅस्टिक काढा आणि संशयाच्या जागी साधी टाल्कम पावडर भुरभुरा. आता मोबाईलचा फ्लॅश लावून चारही बाजूंनी फोटो काढा. इंजिन पंधरा मिनिटं चालवा, बंद करा आणि त्याच कोनातून परत फोटो काढा. डोकं जात नाही तिथे इंजिन बंद असताना हात घालून व्हिडिओ घ्या. पट्टा आणि पंख्यापासून बाही, ओढणी, मोबाईल लांब ठेवा.

मला पहिल्या वेळी काहीच दिसलं नाही. मग कायनेटिक चौकापर्यंत चक्कर मारून आलो आणि फोटो झूम केले. कव्हरच्या मागच्या कडेखाली पावडरवर एक ओली रेघ होती. तीच ओघळून गिअरबॉक्सच्या जोडापर्यंत जात होती. घाण असताना मेकॅनिकला सील गेल्यासारखं वाटलं, यात नवल नाही.

४. वरून खाली हे तपासा

टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ऑइल भरायचं झाकण, ऑइल प्रेशर स्विच, ऑइल फिल्टर, ड्रेन नटचा वॉशर आणि शेवटी क्रँकची सील. जी जागा सगळ्यात वर ओली, तिच्यावर पहिला संशय.

५. पॅकिंग बदलताना

उष्णतेने रबर कडक होतं आणि बसत नाही. जुनं पॅकिंग काढून दोन्ही कडा पुसा, धातूला ओरखडे पाडू नका. सीलंट पुस्तिकेत सांगितलंय तिथेच लावा. बोल्ट मधून कडेकडे, थोडे थोडे करून आवळा. बऱ्याच गाड्यांत ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतं, पण तुमच्या गाडीची पुस्तिका प्रमाण. जास्त आवळलं तर पॅकिंग चेपतं किंवा बोल्ट तुटतो. पीसीव्ही व्हॉल्व्हही तपासा. तो चोंदला तर इंजिनात दाब वाढतो आणि नवं पॅकिंगही गळू लागतं.

६. खात्री करा

परत स्वच्छ करा, आठवडाभर पुठ्ठा ठेवा, गेज बघत राहा. आमचा पुठ्ठा कोराच राहिला, आणि गाडी विकायचा विषयही मागे पडला.

गॅरेजला कधी जायचं?

क्रँक सील किंवा टायमिंग बेल्टच्या मागची गळती घरी करू नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच शिरू नका. जुनं ऑइल गटारात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजला द्या. आणि जाताना फोटो सोबत न्या. मेकॅनिकला ओली रेघ दाखवली की बोलणं अंदाजावर नाही, त्या जागेवर होतं.

घरी जुनी गाडी असलेल्या मित्राला हा लेख नक्की पाठवा!