अपत्यांची पोटगी (बीड जिल्हा)

अपत्यांची पोटगी : स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अपत्याकडे ऐपत असूनही दुर्लक्ष करणाऱ्या पित्याने दरमहा द्यावयाची, न्यायालयाने ठरवलेली रक्कम. बोलीत ‘खावटी’. हंगामी स्थलांतर आणि बालविवाह यांमुळे बीड जिल्ह्यात तिची मागणी व वसुली यांना वेगळे वळण मिळते.

कायदा : बीड हैदराबाद संस्थानात होता. १८९८ ची फौजदारी प्रक्रिया संहिता व तिच्यातील पोटगीचे कलम ४८८ येथे १९५१ मध्ये लागू झाले. १९७३ च्या संहितेत त्याची जागा कलम १२५ ने घेतली. त्यातील दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा २००१ मध्ये उठली. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमे १४४ ते १४७ लागू आहेत. औरस-अनौरस असा भेद त्यांत नाही आणि ती सर्व धर्मीयांना लागू आहेत. मुस्लिम पित्याची अपत्यांबाबतची जबाबदारी घटस्फोटानंतरही टिकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये स्पष्ट केले. हिंदूंमध्ये १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० नुसार ती आईवडील दोघांवर असते. सज्ञान पण अविवाहित मुलीलाही त्याच कायद्याचा आधार आहे. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खालीही मुलांसाठी रक्कम मागता येते.

अर्ज : कौटुंबिक न्यायालयाच्या हद्दीत तेथे, अन्यत्र प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करतात. पत्नी जेथे राहते तेथेही तो चालतो. त्यामुळे माहेरी परतलेल्या स्त्रीला सासरच्या तालुक्यात खेटे घालावे लागत नाहीत. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असा दंडक आहे. नवरा मुद्दाम नोटीस चुकवत असेल, तर एकतर्फी सुनावणी होऊ शकते.

उत्पन्नाचा पुरावा : जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मजुरीपोटी मुकादमाकडून आगाऊ ‘उचल’ घेतली जाते. अशा मजुराकडे पगारपत्रक नसते. उचलीचा व्यवहार, जमिनीचा सातबारा, बँक खाते आणि साक्षी यांवरून ऐपत दाखवावी लागते. नागपूरच्या एका कौटुंबिक वादात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र दोन्ही पक्षांना बंधनकारक केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे ठरवले.

बदल : परिस्थिती पालटल्यास कलम १४६ नुसार रक्कम वाढवून किंवा कमी करून मागता येते. मुलाच्या शिक्षणाचा वा आजारपणाचा वाढलेला खर्च, पित्याच्या कमाईतील चढउतार ही त्याची नेहमीची कारणे.

वसुली : रक्कम थकल्यास ती दंडाप्रमाणे वसूल करण्याचे वॉरंट निघते. त्यानंतरही न भरल्यास थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मात्र कैद भोगल्याने देणे फिटत नाही. वॉरंटसाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो, म्हणून दोन-दोन हंगाम वाट पाहणे महागात पडते. स्थलांतरितांच्या दृष्टीने कलम १४७ महत्त्वाचे आहे : पिता जेथे असेल तेथील न्यायदंडाधिकारीही आदेशाची अंमलबजावणी करू शकतो. म्हणून जिल्ह्यातील केजच्या न्यायालयाचा आदेश कोल्हापुरातही बजावता येतो. त्यासाठी पिता कोणत्या कारखान्याच्या फडावर आहे, हे मात्र ठाऊक असावे लागते.

बालविवाहातील अपत्ये : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) बीडमधील २० ते २४ वयाच्या सुमारे ४४ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाल्याचे आढळले. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ नुसार असा विवाह रद्द झाला तरी अपत्ये औरसच ठरतात. त्यांचा ताबा व निर्वाह जिल्हा न्यायालय ठरवते. निर्वाहाचा भार पती-पत्नींच्या पालकांवरही टाकता येतो.

विधी साहाय्य : विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया व बालके यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. बीडच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे त्यासाठी अर्ज करतात. राष्ट्रीय मदत क्रमांक १५१०० आहे. मूळ अर्जाप्रमाणेच रक्कमवाढ, वसुली आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढील कामकाज यांसाठीही हे साहाय्य मागता येते.