नन्नाचा पाढा : एका ग्रीक उपसर्गाची कुळकथा

हिवताप पसरवणाऱ्या डासाच्या नावाचा अर्थ 'निरुपयोगी' असा आहे. मायगेन या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने १८१८ मध्ये त्या डासांना 'ॲनॉफिलिस' हे नाव दिले. त्यात ग्रीक 'ओफेलोस', म्हणजे उपयोग किंवा लाभ, या शब्दाला पुढून नकाराचा 'अन्' चिकटला आहे. पुढे २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना ठिपकेदार पंखांच्या एका डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या परजीवीच्या पुटी दिसल्या आणि हा निरुपयोगी जीव निदान परजीवीच्या संसारात तरी अपरिहार्य असल्याचे उघड झाले. निरुपयोगी कोणाला, हे नाव सांगतच नाही. नकाराच्या या उपसर्गाने घडलेल्या वैद्यक आणि जीवशास्त्रातल्या संज्ञा पाहिल्या की वाटते, वस्तूत काय नाही यापेक्षा नाव ठेवणारा काय धुंडाळत होता, हेच त्या अधिक चोख सांगतात.

हा उपसर्ग आपल्याला परका नाही. व्यंजनापूर्वी 'अ' आणि स्वरापूर्वी 'अन्', जसे अज्ञान आणि अनादर, हा नियम ग्रीकमध्येही तसाच चालतो, कारण दोन्हींचे मूळ एकच आहे. छातीत पाठीच्या कण्याच्या उजव्या अंगाने वर चढणारी 'ॲझायगस' शीर घ्या. 'झ्युगोन' म्हणजे जू. आपले 'युग' आणि 'जू' त्याचेच सगोत्र. डावीकडे तशीच शीर नाही म्हणून ही बिनजोडीची. शरीर दोन्ही बाजूंनी सारखे असायला हवे ही अपेक्षा मनात नसती, तर एकट्या शिरेचे एकटेपण कोणाच्या नजरेत भरले असते? गंमत पुढे आहे. डावीकडे एक लहान शीर आहेच, आणि तिला नाव मिळाले 'हेमिॲझायगस', म्हणजे 'अर्धी बिनजोडीची'. बिनजोडीचीला जोडीदार मिळाला, पण पहिले नाव मागे घेण्याऐवजी शास्त्राने जोडीदारालाच अर्धे बिनजोडीचे ठरवले!

याहून बोलके उदाहरण पक्ष्याचे आहे. न्यू गिनीकडच्या 'बर्ड ऑफ पॅराडाइज' पक्ष्यांची पिसांसकट कातडी सोळाव्या शतकापासून युरोपात पोचू लागली. तिकडचे लोक कातडी तयार करताना पाय कापून टाकत. मग युरोपात समजूत पसरली की हे पक्षी जमिनीला कधी टेकतच नाहीत, आयुष्यभर हवेतच तरंगतात. लिनिअसने १७५८ मध्ये त्यातल्या एका जातीला 'अपोडा', म्हणजे अपाद, हे नाव दिले. त्या पक्ष्याला चांगले धडधाकट दोन पाय असतात. पाय नव्हते ते व्यापाऱ्याच्या गाठोड्यातल्या कातडीला, आणि ती उणीव आज सबंध जातीच्या माथी आहे.

यावर कोणी म्हणेल, काही अभाव खरेच असतात. 'ॲनेन्सेफली' या जन्मजात व्यंगात मेंदूचा मोठा भाग आणि कवटीचा वरचा भाग तयारच होत नाही. तिथे पाहणाऱ्याच्या नजरेचा काय संबंध? अभाव खरा आहे, हे मान्य. पण मेंदू जेलीफिशलाही नसतो आणि तिला कोणी हे नाव लावत नाही. जिथे असायला हवा तिथे नाही, तेव्हाच 'नसणे' नाव घेण्याजोगे होते. दुसरा आक्षेप 'ॲनिमिया'वरून येईल: शब्दशः 'रक्त नसणे', पण रोग्याच्या अंगात रक्त तर असते, मग हा शब्द सरळ चुकलेलाच नाही का? इथे संस्कृत वैयाकरण मदतीला येतात. त्यांनी नकाराचे सहा अर्थ मानले. निव्वळ अभाव हा त्यांतला फक्त एक. अल्पता आणि वेगळेपणा हे आणखी दोन. 'अनुदरा' कन्या म्हणजे पोट नसलेली नव्हे, बारीक कमरेची. डॉक्टरांचा ॲनिमिया हा अल्पतेचा नकार. ॲरिस्टॉटलने मात्र याच घडणीचा शब्द कीटक, खेकडे, माकूळ यांच्यासाठी वापरला होता. त्यांच्या अंगातही रक्ताचे काम करणारा द्रव असतो, फक्त तो तांबडा नसतो. तो वेगळेपणाचा नकार. शब्द एकच, पण ॲरिस्टॉटल रंग पाहत होता आणि वैद्य प्रमाण.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: रोजच्या कामात व्युत्पत्तीला विचारतो कोण? हे खरेच. 'ॲस्फिक्सिया'चा मूळ अर्थ 'नाडी नसणे'. आज तो शब्द गुदमरण्यासाठी वापरतात, आणि श्वास कोंडल्यावरही हृदय काही मिनिटे धडधडत राहू शकते. म्हणजे नाव एक सांगते आणि नाडी दुसरेच, तरी कुणाचे अडत नाही. पण शब्द आज काय काम करतो हा प्रश्न निराळा आणि तो कोणत्या नजरेतून जन्मला हा निराळा.

ती नजर सर्वांत स्पष्ट दिसते पाश्चरच्या शब्दात. ब्युटिरिक आम्ल तयार करणारे जंतू १८६१ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्याच्या लक्षात आले की थेंबाच्या कडेला, हवा लागते तिथे, ते निश्चल पडतात; मध्यभागी मात्र वळवळत राहतात. दोन वर्षांनी त्याने अशा जिवांना 'ॲनएरोब', हवेविना जगणारे, म्हटले. जगायला हवा लागतेच, हे तोवर इतके गृहीत होते की नावात नकार येणे अटळच होते. आज माहीत आहे की पृथ्वीच्या वातावरणात ऑक्सिजन साठू लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, आणि जीवसृष्टी त्याच्या कितीतरी आधीची. ऑक्सिजनवर जगणारे मागाहून आले, पण नावे ठेवण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि 'अन्' पूर्वजांच्या वाट्याला गेला.