गावकरीपासून ग्रामपंचायतीपर्यंत

गोमंतकातील ग्रामकारभाराचा विषय निघाला की आपण गावकरीचा गौरव करतो, आणि तो रास्तच आहे. पोर्तुगीज येण्यापूर्वीपासून गावची शेते, बांध व पाणी यांची व्यवस्था गावकरांच्या सभेने सांभाळली. परंतु त्या सभेत बसण्याचा अधिकार जन्माने मिळे, आणि तोही पुरुषांनाच. तीच जमीन कसणाऱ्या कुळाला तेथे आवाज नव्हता.

पोर्तुगीज अमलात महालाच्या कारभारासाठी ‘कामर म्युनिसिपाल’ आली. तिचे सभासद निवडून येत, पण मतदारवर्ग मर्यादित असे. तरीही सत्तेची चुरस किती जीवघेणी होती, हे २१ सप्टेंबर १८९० रोजी मडगावात दिसले. सासष्टीच्या कामरच्या निवडणुकीच्या दिवशी चर्चच्या परिसरात जमलेल्या लोकांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि कित्येकांचे प्राण गेले. खेड्यात तर सरकारने नेमलेल्या रेजिदोराचाच शब्द चाले.

गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला. पुढील वर्षी ग्रामपंचायतींचा विनियम लागू होऊन २४ ऑक्टोबर १९६२ रोजी प्रौढ मतदानाने निवडणुका झाल्या. विधानसभेची पहिली निवडणूक त्यानंतर, डिसेंबर १९६३ मध्ये झाली. म्हणजे मुक्त गोमंतकीयाने आपले पहिले मत आमदारासाठी नव्हे, तर गावच्या पंचासाठी दिले. त्या दिवशी गावकर आणि कूळ, पुरुष आणि स्त्री, साक्षर आणि निरक्षर यांच्या मताचे मोल एकच ठरले.

म्हणून गावकरीचा अभिमान अवश्य बाळगावा. मात्र तिच्या सभेबाहेर पिढ्यान्पिढ्या उभा राहिलेला माणूसही आपल्या इतिहासात नोंदलेला असावा.