गाडी बदलली म्हणून गद्दार

२००९ साली मी माझी होल्डन कमोडोर विकून फोर्ड फाल्कन घेतली, तेव्हा मेलबर्नमधल्या आमच्या गल्लीतल्या एका शेजाऱ्याने माझ्याशी बोलणं टाकलं. सुरुवातीला मला ती थट्टा वाटली. पंधरा दिवस झाले, महिना झाला, तरी तो गेटमधून मान वळवून जायचा. शेवटी मीच विचारलं, तर म्हणाला, तू पार्टी बदललीस. आपल्याकडे ज्याला गद्दार म्हणतात, नेमका तोच सूर.

अब्बांचं सोलापुरात गॅरेज होतं. गाड्यांचं वेड मला तिथूनच लागलं. पण अब्बांना फियाट काय आणि अ‍ॅम्बेसेडर काय, दोन्ही सारख्याच. जी दुरुस्तीला येईल ती आपली. २००५ साली मी शिकायला मेलबर्नला आलो आणि रात्री टॅक्सी चालवू लागलो. तिथल्या बहुतेक टॅक्स्या गॅसवर चालणाऱ्या फाल्कन होत्या. आठवड्यातल्या चार रात्री फाल्कनमध्ये काढल्यावर स्वतःची गाडी घेताना तीच कोण घेणार? मी जुनी कमोडोर एसएस घेतली. ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन. त्या आवाजावर मी फिदा होतो. सवड आणि पैसे जमले की विंटनच्या ट्रॅकवर जाऊन ती मनसोक्त पळवायचो. चार वर्षांनी तिथेच एकाने त्याची फाल्कन एक्सआर-६ टर्बो मला चालवायला दिली. चार लिटर, सहा सिलिंडर, २४० किलोवॅट. वळणातून बाहेर पडताना तिने जी ओढ दाखवली, त्यानंतर माझं मन कमोडोरमध्ये लागेना. एवढंच कारण. त्यावरून माणूस बोलणं का टाकतो, हे समजून घ्यायला मी त्या देशाचा इतिहास वाचायला बसलो.

होल्डनची सुरुवात गाड्यांपासून झालेली नाही. जेम्स अलेक्झांडर होल्डन या माणसाने १८५६ साली अ‍ॅडलेडमध्ये घोड्यांच्या खोगिरांचा धंदा सुरू केला. पुढे त्या घराण्याने मोटारींच्या बॉडी बनवल्या. १९३१ साली ही कंपनी अमेरिकेच्या जनरल मोटर्सकडे गेली. फोर्डने तर १९२५ सालीच जीलाँगमध्ये ऑस्ट्रेलियातलं काम सुरू केलं होतं. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी पंतप्रधान बेन चिफ्ली यांच्या हस्ते पहिली होल्डन मोटार लोकांसमोर आली. ‘ऑस्ट्रेलियाची स्वतःची गाडी’ म्हणून तिचं कौतुक झालं. १९६० साली फोर्डने फाल्कन आणली. म्हणजे ज्या दोन झेंड्यांखाली हा देश वाटला गेला, त्या दोन्हींची मालकी अमेरिकेत होती. हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही, पण त्याने कुणाला फरक पडत नव्हता.

फूट खरी वाढली ती शर्यतीमुळे. १९६० साली फिलिप आयलंडवर पाचशे मैलांची एक शर्यत सुरू झाली आणि १९६३ पासून ती बाथर्स्टच्या माउंट पॅनोरमा डोंगरावर आली. योगायोग असा की चिफ्ली याच बाथर्स्टचे. राजकारणात येण्याआधी ते रेल्वेचं इंजिन चालवायचे. शर्यतीचा नियम साधा होता. शोरूममध्ये जी गाडी विकली जाते, तीच पळवायची. त्यामुळे रविवारी जिंकलेली गाडी सोमवारी विकली जाई. दोन्ही कंपन्या शर्यतीसाठीच जबरदस्त गाड्या बनवू लागल्या. १९७१ ची फाल्कन जीटी-एचओ फेज थ्री ही त्यातली सर्वांत गाजलेली. १९७२ साली वर्तमानपत्रांनी ‘रस्त्यावर असल्या गाड्या कशाला?’ म्हणून गदारोळ केला आणि फेज फोरचा बेत गुंडाळला गेला. पण तोवर डोंगरावर तंबू ठोकून बसणारे दोन तट तयार झाले होते. बापाची गाडी ती मुलाची गाडी.

आता गंमत पाहा. ज्यांच्या नावाने हे तट भांडत होते, ते ड्रायव्हर स्वतः किती वेळा बदलले?

कॉलिन बाँडने १९६९ ची शर्यत होल्डनमधून जिंकली. १९७७ साली तो फोर्डमध्ये होता आणि अ‍ॅलन मोफॅटच्या मागोमाग दुसरा आला. मोफॅट हा फोर्डवाल्यांचा देव. मूळचा कॅनडाचा. त्याने फोर्डसाठी चार वेळा बाथर्स्ट जिंकलं. पण १९७८ संपता संपता फोर्डने शर्यतीतून अंग काढून घेतलं. मोफॅट १९८१ साली जपानी माझ्दा घेऊन आला. १९८६ मध्ये तर तो चक्क पीटर ब्रॉकच्या जोडीने होल्डन चालवत होता. पुढच्याच वर्षी मोंझाला जागतिक मालिकेची पहिली शर्यत त्याने जॉन हार्वीबरोबर होल्डनमधूनच जिंकली.

आणि ब्रॉक? तो तर होल्डनचा चेहरा. बाथर्स्टवर नऊ विजय. दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्धच्या मोहिमेचा ०५ हा आकडा त्याच्या गाडीवर असायचा आणि पोरं तो आकडा वहीवर काढायची. त्याने ‘एनर्जी पोलरायझर’ नावाची लोहचुंबक आणि स्फटिकांची एक डबी गाड्यांत बसवायला सुरुवात केली. ती लावली की गाडी सुधारते, असा त्याचा दावा. कंपनीने पुरावा मागितला. फेब्रुवारी १९८७ मध्ये होल्डनने त्याच्याशी संबंध तोडले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो स्वतःच्या टीमच्या कमोडोरमधून तिसरा आला. पुढे पहिल्या दोन फोर्ड सिएरा नियमभंगावरून बाद झाल्या आणि त्याला नववा विजय मिळाला. ज्या कंपनीने हात झटकले होते, तिच्याच गाडीत. १९८८ साली तो बीएमडब्ल्यूत गेला आणि १९८९ साली फोर्डमध्ये. बाथर्स्टला त्या वर्षी सर्वांत पुढची जागाही त्याने फोर्डमधूनच पटकावली. १९९१ ला तो होल्डनमध्ये परतला आणि लोकांनी त्याला पुन्हा डोक्यावर घेतलं.

त्याचा शागीर्द क्रेग लाउंड्स २००१ साली फोर्डमध्ये गेला. सप्टेंबर २००६ मध्ये ब्रॉक एका रॅलीत झाडावर आदळून वारला. महिनाभराने बाथर्स्टला पहिल्यांदाच पीटर ब्रॉक ट्रॉफी दिली गेली. ती जिंकली लाउंड्स आणि जेमी व्हिनकप या जोडीने. गाडी होती फोर्ड. त्या दिवशी हा शागीर्द कोणत्या गाडीत बसलाय, याचा हिशेब करण्याच्या मनःस्थितीत फार लोक नसावेत. मी टॅक्सीच्या रेडिओवर ती शर्यत ऐकली होती.

या इतिहासात एक पान असं आहे की जे डोंगरावरच्या तंबूत कुणी काढत नाही. मी राहायचो त्या भागाजवळच ब्रॉडमेडोजचा फोर्डचा कारखाना. तिथे गाड्या जोडणारे हात इटालियन, ग्रीक, युगोस्लाव्ह आणि तुर्की. ऑस्ट्रेलिया आणि तुर्कस्तानमध्ये १९६७ साली करार झाला आणि पुढच्या वर्षीपासून तुर्की कामगार येऊ लागले. मे १९७३ मध्ये या कारखान्यात संप झाला. मुद्दा फक्त पगाराचा नव्हता. पट्ट्याचा वेग माणसाला झेपत नव्हता. जूनमध्ये युनियनच्या पुढाऱ्यांनीच कामावर परत जायला सांगितलं, तेव्हा कामगार भडकले आणि १३ जूनला कारखान्यात तोडफोड झाली. बाथर्स्टच्या चाहत्यांचं इमान ज्या गाडीवर, ती जोडणाऱ्याची ही हालत.

आमच्या गल्लीत एक म्हातारे तुर्की गृहस्थ राहत. मोहल्ल्यातली पोरं त्यांना ‘अमजा’ म्हणजे काका म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांनी सव्वीस वर्षं फाल्कनचे दरवाजे बसवले होते. नवी गाडी आणली तेव्हा मोठ्या उत्साहाने मी त्यांना दाखवायला नेली. म्हटलं, अमजा, मी आता तुमच्या पार्टीत आलो. ते हसले. म्हणाले, माझी कसली पार्टी? या गाडीवर माझं घर झालं, पोरी शिकल्या. मी स्वतः आयुष्यभर टोयोटा चालवली, स्वस्तात मिळाली म्हणून.

७ ऑक्टोबर २०१६ रोजी तो कारखाना बंद झाला. अमजांनी नेऊन सोड म्हटलं, म्हणून मी त्यांना माझ्याच फाल्कनमधून नेलं. गेटसमोर लोक गाड्या लावून फोटो काढत होते. अमजा उतरले, पण गेटकडे गेले नाहीत. त्यांनी माझ्या गाडीच्या मागच्या दरवाजाच्या फटीतून बोट फिरवलं, वरून खालपर्यंत. म्हणाले, सरळ आहे.

वर्षभराने, २० ऑक्टोबर २०१७ ला होल्डनचा एलिझाबेथचा कारखाना बंद झाला. फेब्रुवारी २०२० मध्ये जनरल मोटर्सने जाहीर केलं की होल्डन हे नावही आता राहणार नाही. ज्यांनी चार पिढ्या इमान राखलं, त्यांना कुणी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी मी शेजाऱ्याचं दार वाजवलं. आमचं बोलणं तोवर बऱ्यापैकी सुरू झालं होतं, पण गाड्यांवर नाही. तो अंगणात त्याच्या जुन्या कमोडोरजवळ खुर्ची टाकून बसला होता. मी चहाचा थर्मास नेला होता. बराच वेळ दोघंही गप्प होतो. मग त्याने विचारलं, तुझी ती टर्बो अजून आहे का रे? म्हटलं, आहे. म्हणाला, एकदा चालवून बघायची आहे. अकरा वर्षं मनात होतं.

मी किल्ली त्याच्या हातात दिली.