पिंप कुणी बनवलं? : गेममधल्या कलाकामाच्या आउटसोर्सिंगची गोष्ट

मोठ्या बजेटचा कुठलाही गेम संपवलात की शेवटी नावांची यादी सुरू होते. ती पूर्ण बघणारा माणूस विरळाच. नावं आपली सरकत राहतात... डायरेक्टर, लेखक, प्रोग्रामर वगैरे मंडळी होऊन गेली की बरंच खाली माणसांऐवजी कंपन्यांची नावं दिसायला लागतात. कुठली शांघायची, कुठली क्वालालंपूरची, कुठली गुरगावची, तर कुठली चक्क पुण्याची. तुम्ही ज्याच्या आड लपून गोळ्या चुकवल्यात ते गंजलेलं पिंप, मागच्या भिंतीवरचा पाइप, रस्त्यातली मोडकी खुर्ची, यातलं बरंचसं या लोकांनी बनवलेलं असतं.

आपण आयटीवाले आउटसोर्सिंगवरच जगतो, त्यामुळे ही गोष्ट ऐकल्यावर 'त्यात काय नवीन?' असं वाटेल. पण कोड बाहेर पाठवणं आणि चित्र बाहेर पाठवणं यात एक गंमतीचा फरक आहे, आणि एक न गंमतीचं साम्यही आहे. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

एकटा माणूस, एक चौकोन

१९८० साली अटारीचा 'अॅडव्हेंचर' नावाचा गेम आला. वॉरन रॉबिनेट या प्रोग्रामरने तो एकट्याने केला. डिझाइन त्याचं, कोड त्याचा आणि चित्रंही त्याचीच. चित्रं म्हणजे काय, तर नायक हा नुसता एक चौकोन! ड्रॅगन बदकासारखे दिसायचे. अटारी त्या काळी गेम बनवणाऱ्याचं नाव कुठेही छापत नसे. मग या पठ्ठ्याने गेममध्ये एक गुप्त खोली केली आणि तिच्यात स्वतःचं नाव लिहून ठेवलं. अशा लपवलेल्या गोष्टींना आज आपण 'ईस्टर एग' म्हणतो. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७९ मध्ये, अटारीचे चार प्रोग्रामर पैसे आणि श्रेय या दोन्हींवरून बाहेर पडले होते आणि त्यांनी अॅक्टिव्हिजन काढली होती. म्हणजे 'हे मी बनवलंय' हे भांडण या धंद्याइतकंच जुनं आहे.

१९९३ च्या 'डूम'पर्यंत टीम थोडी वाढली होती, पण कलाकार मोजून दोन : एड्रियन कारमॅक आणि केव्हिन क्लाउड. त्यातल्या काही राक्षसांचे खरेखुरे पुतळे करून त्यांचे फोटो कॉम्प्युटरवर घेतले होते. धातूचा सांगाडा आणि वर रबरी कातडी असे काही पुतळे ग्रेगर पंचाट्झ या मॉडेलमेकरने करून दिले. म्हणजे बाहेरच्या माणसाला काम दिलं गेलं होतंच. पण तो होता टेक्सासमधलाच. गाडी काढून त्याच्याकडे जावं, पुतळा हातात घेऊन 'याचे दात अजून थोडे वाकडे कर' म्हणावं, इतकं सोपं. सगळं बोलण्यात भागत होतं.

काम वाढलं कसं?

१९९६ ची लारा क्रॉफ्ट आठवते? अख्खी बाई जेमतेम काहीशे त्रिकोणांची होती. (त्रिमितीय गेममधली प्रत्येक वस्तू शेवटी छोट्या छोट्या त्रिकोणांचीच बनते.) असं पात्र एक कलाकार थोड्या दिवसांत करू शकायचा.

नोव्हेंबर २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० आला आणि वर्षभराने प्लेस्टेशन ३. टीव्हीसुद्धा एचडी व्हायला लागले. आता पिंपावरचा गंज आणि ओरखडा, दोन्ही दिसायला लागले. त्यासाठी जी युक्ती सर्रास वापरात आली तिचं नाव नॉर्मल मॅप. झीब्रशसारख्या सॉफ्टवेअरमध्ये मातीकाम केल्यासारखं एक अतिशय बारकाव्याचं मॉडेल करायचं, लाखो त्रिकोणांचं. ते गेममध्ये चालवणं अशक्य. म्हणून त्याच वस्तूचं दुसरं हलकं मॉडेल करायचं, काही हजार त्रिकोणांचं. मग पहिल्याचे बारकावे एका चित्रात उतरवून ते चित्र दुसऱ्यावर गुंडाळायचं. प्रकाश त्या चित्राप्रमाणे पडतो आणि डोळा फसतो.

दिसायला झकास. पण हिशोब बघा : पूर्वी एक पिंप म्हणजे एक साधं मॉडेल आणि एक चित्र. आता एका पिंपाची दोन मॉडेल्स, रंगाचं चित्र वेगळं, चकाकीचं वेगळं, नॉर्मल मॅप वेगळा, शिवाय लांबून दिसण्यासाठी आणखी हलक्या आवृत्त्या. काम कित्येक पटींनी वाढलं, गेमची किंमत मात्र थोडीशीच वाढली. एवढे कलाकार अमेरिकेत वर्षभर पगारावर ठेवायचे, आणि गेम संपला की त्यांचं करायचं काय? बरं, कलाकार लागतात ते मधल्या वर्ष-दीड वर्षात, एकदम शेकड्याने.

कार्टूनच्या धंद्याने या प्रश्नाचं उत्तर आधीच शोधून ठेवलं होतं. १९८९ पासून 'द सिम्पसन्स'ची कथा आणि स्टोरीबोर्ड अमेरिकेत व्हायचे, पण फ्रेममागून फ्रेम हाताने काढण्याचं काम दक्षिण कोरियात चालायचं. गेमवाल्यांनी तोच रस्ता धरला. २००४ मध्ये शांघायला व्हर्चुओस सुरू झाली आणि त्याच वर्षी गुरगावला लक्ष्य डिजिटल, जिने पुढे पुण्यातही स्टुडिओ काढला. बंगलोरची ध्रुव इंटरॅक्टिव्ह तर या सगळ्यांच्या आधीची. राजेश राव यांनी ती १९९७ मध्येच काढली होती. फ्रान्सच्या इन्फोग्रामकडून तिला 'मिशन : इम्पॉसिबल'च्या पीसी आवृत्तीचं काम मिळालं होतं. ती आवृत्ती काही बाजारात आली नाही, पण भारतात असं काम होऊ शकतं हे त्यातून सिद्ध झालं. पुढे ध्रुव मुख्यतः कलाकामाकडे वळली. 'फोर्झा'सारख्या रेसिंग गेममधल्या गाड्या तिथल्या पोरांनी केल्या आहेत.

स्पेकमध्ये काय मावतं?

आता येतो तो गंमतीचा फरक. बोलण्यात भागणारं काम सात समुद्रांपलीकडे पाठवायचं तर ते आधी लिहून काढावं लागतं. पिंपाबरोबर एक अख्खी फाइल येते. उंची अमुक सेंटिमीटर, त्रिकोण जास्तीत जास्त इतके, चित्राचा आकार इतका, फाइलचं नाव या पद्धतीनेच, शून्य बिंदू तळाच्या मधोमध, सोबत संदर्भाचे फोटो. आधी एक नमुना पिंप बनवून पास करून घ्यायचं, मग उरलेली चाळीस त्याच्याप्रमाणे. संध्याकाळी इथून काम जातं, सकाळी लाल खुणा केलेलं चित्र परत येतं. पैसे नगावर किंवा मॅन-डेवर. वाचताना ओळखीचं वाटलं ना?

रेसिंग गेममधली गाडी या पद्धतीत फार छान बसते, कारण खरी गाडी जगात कुठेतरी उभी असते. तिचे फोटो असतात, मापं असतात. बरोबर की चूक याचं उत्तर कागदावर मिळतं. कोडचंही तसंच : टेस्ट पास झाली की झाली. पण 'ही गल्ली उदास वाटली पाहिजे' यासाठी टेस्ट कशी लिहिणार?

याचं उत्तम उदाहरण २०२१ चं. २००४ च्या 'जीटीए : सॅन आंद्रेआस'मध्ये 'टफ नट डोनट्स' नावाचं एक दुकान आहे. त्याच्या पाटीवर डोनटऐवजी नटबोल्टातला षटकोनी नट. नावावरची साधी कोटी. नोव्हेंबर २०२१ मध्ये जुन्या गेमची सुधारित आवृत्ती आली, तेव्हा सगळं गुळगुळीत करण्याच्या नादात त्या नटाच्या कडाही गोल झाल्या. नट गेला आणि कोटीही गेली. तांत्रिकदृष्ट्या बघाल तर मॉडेल आधीपेक्षा 'चांगलं' झालं होतं!

लक्षात घ्या, हे काम करणारी कंपनी अमेरिकेतलीच होती. म्हणजे प्रश्न अंतराचा नाही, देशाचाही नाही, कुणाच्या हातातल्या कसबाचा तर नाहीच. स्पेकमध्ये 'काय' आणि 'किती' मावतं. 'का' हे मात्र ज्याने आधी ठरवलं त्याच्या डोक्यात राहून जातं.

मग पैसा कुणाला मिळतो?

आणि हे ते न गंमतीचं साम्य. ज्याच्याकडे 'का' असतं, गेमही त्याच्याच मालकीचा असतो. पिंप बनवणाऱ्याला पिंपाचे पैसे मिळतात, गेम चालला तरी आणि पडला तरी. एनडीएमुळे गेम बाजारात येईपर्यंत, कधी कधी त्यानंतरही, स्वतःचं काम पोर्टफोलिओत लावता येत नाही. यादीत नाव कुणाचं घालायचं याला कायदा नाही. कंपनीचं नाव आलं तरी पुष्कळ. रॉबिनेटला निदान एक खोली करता आली होती.

आकडे बघा. ध्रुव आधी स्वीडनच्या स्टारब्रीझकडे गेली होती. स्टारब्रीझ अडचणीत आल्यावर मे २०१९ मध्ये ती ध्रुवमधला जवळपास ९२ टक्के हिस्सा टेक-टूच्या मालकीच्या जीटीएवाल्या रॉकस्टारला विकत असल्याचं जाहीर झालं. किंमत ७९ लाख डॉलर. बावीस वर्षं जुनी, तीनशेहून जास्त माणसांची कंपनी! याच टेक-टूच्या 'जीटीए ५' ने सप्टेंबर २०१३ मध्ये पहिल्या तीन दिवसांत १०० कोटी डॉलरची विक्री केली होती. भागाकार केला तर ध्रुवचा हा सौदा त्या विक्रीच्या साधारण ३४ मिनिटांएवढा भरतो.

यात ध्रुवला कमी लेखण्याचा हेतू नाही. अशा कंपन्यांमुळेच आपल्याकडे हजारो पोरापोरींना हे काम शिकता आलं, त्यावर घरं चालली. आणि मोठी झाल्यावर अशी कंपनी पडद्याबाहेरही येऊ शकते. एप्रिल २०२५ मध्ये 'ऑब्लिव्हियन'ची नवी आवृत्ती आली तेव्हा बेथेस्डाने व्हर्चुओसचं नाव उघड, मानाने घेतलं. गेम जोरात चालला. पण जुलैत व्हर्चुओसने सुमारे २७० माणसं कमी केली. यशातला वाटा आणि यशाचं श्रेय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून कळावं.

त्यात आता एआय. एका फोटोवरून पिंपाचं मॉडेल बनवणारी टूल्स आली आहेत. अजून कच्ची आहेत, पण ती कुठून सुरुवात करणार हे उघड आहे : जे काम आपण सगळ्यात काटेकोर लिहून ठेवलंय तिथूनच. जी फाइल बंगलोरच्या माणसाला पुरली, ती उद्या यंत्रालाही पुरेल. काम जितकं स्वच्छ लिहिलेलं, तितकं ते एका जागेहून दुसरीकडे सहज हलतं. आधी शांघाय-बंगलोरकडे आलं ते याच कारणाने.

मग करायचं काय? मला यात पुण्याचंच एक उदाहरण महत्त्वाचं वाटतं. २०२० मध्ये इथल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्याशा कंपनीने 'राजी : अॅन एन्शंट एपिक' काढला. पहाडी चित्रशैलीची छाया, बाहुल्यांच्या खेळासारखे कथेचे प्रसंग, भावाला शोधायला निघालेली मुलगी. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या इंडी गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. पारितोषिक दुसऱ्याला गेलं, ते असो. त्यातही कुणीतरी त्रिकोण मोजलेच असणार, नॉर्मल मॅप केलेच असणार. कसब तेच. फरक इतकाच की भिंतीवर हेच चित्र का, हे विचारायला कुणाला रात्री ईमेल करावी लागली नाही. ते ठरवणारा माणूस त्याच टीममध्ये होता.

सगळ्यांनीच नोकरी सोडून गेम काढावेत असं मी म्हणत नाहीये. (घराचे हप्ते मलाही आहेत.) पण सोमवारी एखादं तिकीट समोर येईल आणि त्यात 'काय' अगदी व्यवस्थित लिहिलेलं असेल, तेव्हा एकदा 'का' विचारून बघा. उत्तर मिळालं तर काम सुधारेल. आणि नाहीच मिळालं, तर आपण या साखळीत नेमके कुठे उभे आहोत, एवढं तरी नक्की कळेल.