लफेव्र : एका मूक अक्षराची कथा

आंरी लफेव्र यांचे अवकाशविषयक विवेचन शिकवताना त्यांच्या आडनावात लिहिला जाणारा 'ब' आम्ही कित्येक वर्षे ठासून उच्चारत आलो. तो मूक आहे हे कळले तेव्हा खजील झालो. पण मूळ अपराध जुन्या लेखनिकांचा! लॅटिन 'फाबेर' म्हणजे कारागीर. त्यातील 'ब' झिजून 'व' झाला आणि जुन्या फ्रेंचमध्ये लोहाराला 'फेव्र' म्हणू लागले. पुढे लॅटिनाभिमानी लेखनिकांनी तो गेलेला 'ब' केवळ कागदावर परत आणला. त्या काळी 'उ' आणि 'व' यांना एकच अक्षर चाले. त्यामुळे कोणी तेच नाव 'लफेब्यूर' असे वाचले आणि निराळेच आडनाव रूढ झाले. पांडित्य असेही फळते!

गावोगावी लोहाराचा भाता होता, म्हणून ही आडनावे विपुल : उत्तरेत लफेव्र, दक्षिणेकडे फाब्र आणि फोर. मध्ययुगाचे इतिहासकार झाक ल गॉफ यांचे आडनावही ब्रेटन भाषेतला लोहारच. १७९४ च्या कायद्याने जन्मनोंदीतील नावाखेरीज दुसरे नाव धारण करण्यास मनाई केली आणि ही लेखनरूपे गोठली. दरम्यान लोहाराला 'फोर्झरों' म्हणण्याचा प्रघात पडला. सामान्य शब्द म्हणून 'फेव्र' मागे पडला. आज तो आडनावांत आणि सोनारवाचक 'ऑर्फेव्र' या शब्दात तेवढा टिकून आहे.